नवी हायब्रिड गाडी पुन्हा पुन्हा 'रेडी' होत नाही? आधी छोट्या बॅटरीकडे बघा

तुमची गाडी आत्ता पार्किंगमध्ये पडून आहे आणि तुम्ही घाईत हे वाचताय असं धरून चालते. ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं की डॅशबोर्डवरचे दिवे फडफडतात, कुठूनतरी टकटक-टकटक ऐकू येतं, पडद्यावर हायब्रिड सिस्टीमबद्दल काहीतरी घाबरवणारं लिहून येतं, पण गाडी चालवायला तयार असल्याची 'रेडी' ही खूण काही येत नाही. किंवा त्याच्याही पुढची पायरी, रिमोटने दारच उघडत नाही. पोटात गोळा येतो, कारण डोळ्यांसमोर पहिल्यांदा येते ती मागच्या सीटखालची महागडी बॅटरी. थांबा. बहुतेक वेळा ती ठणठणीत असते. मान टाकलेली असते ती साध्या गाडीत असते तसल्याच १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीने.

माझ्या गाडीने हे पाच महिन्यांत चार वेळा केलं. गाडी कुठल्या कंपनीची आणि शोरूम कुठलं हे लिहीत नाही, कारण हे दुखणं कुठल्याही स्ट्राँग हायब्रिडला, म्हणजे काही अंतर नुसत्या मोटरवर धावू शकणाऱ्या गाडीला, होऊ शकणारं आहे. ज्या 'माइल्ड' किंवा 'स्मार्ट' हायब्रिड म्हणून विकल्या जातात त्यांची रचना वेगळी असते, त्यांना इथलं सगळंच लागू होणार नाही.

आधी आत्ताची सोय

रिमोटच्या पोटात एक खरीखुरी धातूची चावी असते. बाजूचं छोटं बटण सरकवून ती बाहेर ओढा आणि ड्रायव्हरचं दार उघडा. बॉनेट आतल्या खटक्याने उघडतं, त्याला वीज लागत नाही. छोटी बॅटरी काही गाड्यांत बॉनेटखाली असते, काहींत डिकीत. डिकीत असेल तर बॉनेटखाली जंप देण्यासाठी लाल झाकणाचं वेगळं टर्मिनल दिलेलं असतं, मॅन्युअलमध्ये त्याचं चित्र सापडेल. (डिकीचं दार विजेवर उघडणारं असेल आणि बॅटरी डिकीतच असेल, तर गंमत लक्षात आलीच असेल.)

शेजाऱ्यांची साधी पेट्रोल किंवा डिझेल गाडी आणि जंप केबल पुरते. लाल वायर आधी आपल्या प्लसला, मग त्यांच्या प्लसला. काळी त्यांच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक आपल्या इंजिनाच्या किंवा चासीच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून जरा लांब. त्यांची गाडी चालू ठेवा, चार-पाच मिनिटं थांबा, मग ब्रेक दाबून आपलं बटण दाबा. प्लस-मायनसची अदलाबदल झाली तर फ्यूजच नव्हे, मोठ्या बॅटरीतून छोटी भरणारं महागडं कन्व्हर्टरही जाऊ शकतं, म्हणून दोनदा बघा. नारिंगी वायरींना हात लावायचा नाही. त्या मोठ्या बॅटरीच्या, उच्च दाबाच्या असतात, आणि या कामाशी त्यांचा काही संबंध नाही.

धक्का मारून गाडी सुरू होणार नाही, पोरांना उगाच दमवू नका. टोचन लावायची वेळ आलीच तर पुढची चाकं जमिनीवर फिरतील असं ओढून नेऊ देऊ नका, कारण त्या चाकांना मोटर जोडलेली असते आणि ती फिरली की वीज तयार होते. सपाट पाठीची गाडीच मागवा.

गाडी 'रेडी' झाली की बटण बंद करण्याचा मोह टाळा. किमान तासभर चालवा. तेवढ्याने बॅटरी पूर्ण भरत नाही, फक्त उद्या सकाळची सोय होते.

आता असं का होतं ते

स्ट्राँग हायब्रिडमध्ये सहसा नेहमीचा स्टार्टर नसतो. मोठ्या बॅटरीतल्या विजेवर मोटर फिरते आणि तीच इंजिनाला उठवते. पण गाडी बंद असताना ती मोठी बॅटरी सुरक्षेसाठी जाड रिलेंच्या (विजेवर ओढल्या जाणाऱ्या खटक्यांच्या) मागे पूर्ण तोडून ठेवलेली असते. ते रिले ओढायला आणि सगळे कॉम्प्युटर जागे करायला १२ व्होल्ट लागतात. घरात धान्याची कणगी भरलेली, आणि कोठीची किल्ली सासूच्या कमरेला, असला प्रकार. किल्ली नाही तर सगळं घर उपाशी.

दुसरी गोष्ट शोरूममध्ये कुणी सांगत नाही. या गाड्यांत अल्टरनेटर, म्हणजे साध्या गाडीत इंजिनाबरोबर फिरून बॅटरी भरणारं यंत्र, नसतो. छोटी बॅटरी भरते ती मोठ्या बॅटरीतून, मधल्या एका कन्व्हर्टरमार्फत, आणि तीही फक्त गाडी 'रेडी' असताना. ब्रेक न दाबता बटण दाबून नुसती गाणी लावली, तर एक थेंबही भरत नाही, फक्त खर्च होतो. लग्नाच्या हॉलबाहेर आहेराची पाकिटं लिहीत आणि रेडिओ ऐकत बसलेले नवरे लोक हे नेमकं करतात. आणि या बॅटरीला इंजिन फिरवायचं ओझं नसल्यामुळे ती मुळात आकारानेही बेताचीच दिलेली असते. माझ्या गाडीत ३५ अँपिअर-तासांची आहे.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. तरी पहिल्या तीन वेळा मी मीटर हातात घेतला नाही, सर्व्हिस ॲडव्हायझरने जे सांगितलं ते मान डोलावून ऐकलं. हे कबूल करते, कारण पुढचं सगळं त्यातून शिकलेलं आहे.

गाडी २०२४ च्या गुढीपाडव्याला घरी आली. जूनमध्ये आम्ही आठ दिवस बाहेर होतो, परत आलो तर गाडी मेलेली. रस्त्यावर मदतीला येणारा रोडसाइडवाला मुलगा आला, जंप देऊन गेला. जॉब कार्ड (तक्रार आणि केलेलं काम यांची नोंद असलेला वर्कशॉपचा कागद) वगैरे काही नाही. फोनवर ॲडव्हायझर म्हणाला, "मॅडम, हायब्रिड आहे ना, रोज चालवायला लागते." जुलैत पावसामुळे चार दिवस गाडी हलली नाही आणि पाचव्या दिवशी तेच. या वेळी वर्कशॉपने एक दिवस ठेवून घेतली आणि "चार्ज करून दिली, ओके आहे" म्हणून परत केली. जॉब कार्डावर काय लिहिलं होतं ते मी दोन महिन्यांनी वाचलं: 'जनरल चेकअप, वॉशिंग'. तिसऱ्यांदा ५ सप्टेंबरला, गणपतीला गुहागरला निघायच्या आदल्या दिवशी. सामान बांधलेलं, सासऱ्यांचे फोनवर फोन, आणि सणाच्या गर्दीत रोडसाइडवाले "संध्याकाळपर्यंत बघतो" म्हणत होते. शेवटी आम्ही एसटीने गेलो. परत आल्यावर गाडी पुन्हा चार्ज करून आणली, २० सप्टेंबरला पुन्हा बंद.

चौथ्या वेळी ॲडव्हायझर म्हणाला, "सरांना एकदा पाठवता का? त्यांना समजावून सांगतो." सर म्हणजे माझा नवरा, त्याला गाडीतलं फक्त ब्लूटूथ समजतं. त्या संध्याकाळी मी पुण्यातल्या तपकीर गल्लीत जाऊन पाचशे रुपयांचा मल्टिमीटर आणला.

मोजायचं कसं

व्होल्टेज मोजणं सोपं आहे. गाडी बंद करून कुलूप लावल्यावर काही तासांनी, शक्यतो सकाळी, बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर मीटर लावायचा. शिशाच्या चांगल्या भरलेल्या बॅटरीला १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसतात. १२.४ म्हणजे साधारण तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. ११.८ च्या खाली गेली की उतरलीच म्हणायची. गाडी 'रेडी' असताना हाच आकडा साधारण साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान असायला हवा. तिथेही बारा-साडेबाराच दिसत असेल तर कन्व्हर्टर भरतच नाही आणि तो गाडीचा दोष, थेट वॉरंटीचा विषय. माझ्या गाडीत 'रेडी'ला १४.१ दिसले, म्हणजे भरायचं काम व्यवस्थित चालू होतं.

मग छोटी बॅटरी बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरली आणि गाडी हात न लावता उभी ठेवली. पहिल्या रात्री १२.६२. पुढच्या सकाळी १२.४४. मग १२.२७, मग १२.०८. चौथ्या दिवशी ११.८ आणि बटणाला उत्तर नाही. रोज सुमारे पंधरा ते वीस टक्के कुठेतरी गळत होते. इथे 'रोज चालवायला लागते' हे स्पष्टीकरण संपतं. रोज कार्यालयात नेली तर गळती लपेल, बंद होणार नाही.

किती करंट गळतोय हे बघायला नाना पेठेतल्या बॅटरीवाल्या मामांकडे गेले. त्यांच्याकडे डीसीचा क्लॅम्प मीटर होता. यात वायर सोडायची गरज नसते, मायनसच्या केबलभोवती चिमटा धरला की आकडा येतो. साध्या मल्टिमीटरने मोजायचं तर टर्मिनल काढावं लागतं, आणि ते काढलं की खिडक्यांच्या सेटिंगपासून सगळं पुसलं जातं, कधी इशाऱ्याचे दिवे पेटून राहतात. वॉरंटीतल्या गाडीवर ते घरी करू नका.

मामांनी दोन युक्त्या सांगितल्या. बॉनेट उघडं असलं की गाडीला ते कळतं आणि ती झोपत नाही, म्हणून खटका स्क्रू-ड्रायव्हरने बंद केल्यासारखा दाबून ठेवायचा. आणि कुलूप लावून चावी बरीच लांब न्यायची, मग अर्धा-पाऊण तास चहा प्यायचा. आधी मोजलं तर तीन-चार अँपिअर दिसतात आणि माणूस उगाच बोंब मारतो. सगळे कॉम्प्युटर झोपले की निरोगी गाडीत वीस ते पन्नास मिलिअँपिअर राहतात. आमचा चहा दोनदा झाला, आकडा २७० च्या खाली आला नाही.

गुणाकार करून बघा. ०.२७ अँपिअर गुणिले चोवीस तास म्हणजे साडेसहा अँपिअर-तास रोज. पस्तीसच्या बॅटरीतून. माझ्या वहीतल्या व्होल्टेजशी हे बरोबर जुळत होतं. वर्गात ओहमचा नियम शिकवताना जो आनंद मुलांच्या चेहऱ्यावर कधीच दिसत नाही, तो त्या दिवशी मला झाला.

चोर कोण? फ्यूज एकेक उपटत बसायची गरज नसते. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके असतात, त्यांच्यावर मिलिव्होल्ट मोजले की ज्या फ्यूजमधून करंट वाहतोय तिथे आकडा दिसतो, बाकीच्या ठिकाणी शून्य. मामा एका फ्यूजवर थांबले आणि म्हणाले, "ताई, हा कायम चालू असणारा आहे, आणि याला कुणीतरी वरून वायर जोडलीय." वायर ए-पिलरच्या, म्हणजे पुढच्या काचेशेजारच्या खांबाच्या, आतून वर जात होती. डॅशकॅम.

आता मुद्द्याची गोष्ट. तो डॅशकॅम मी लावलेला नव्हता. डिलिव्हरीच्या वेळी 'ॲक्सेसरीज पॅकेज' म्हणून मॅट, मडफ्लॅप आणि पुढचा-मागचा डॅशकॅम असं जे गळ्यात मारलं होतं त्यातला तो होता. पार्किंगमध्येही रेकॉर्डिंग चालू, आणि बॅटरी ठरावीक व्होल्टेजच्या खाली गेली की बंद करणारं सर्किट नाही. शिवाय मधे एका ठिकाणी कंपनीच्या हार्नेसची (वायरींच्या जुडग्याची) वायर सोलून त्यावर काळी टेप गुंडाळलेली. मामांनी फोटो काढायला लावले आणि स्वतः काही हलवायला साफ नकार दिला. "मी हात लावला की ते म्हणणार बाहेर काम केलंय." शहाणा माणूस.

तुमच्याकडे डॅशकॅम नसेल तर? तीच पद्धत, चोर वेगळा. बाहेरून बसवलेला जीपीएस ट्रॅकर, ॲम्प्लिफायर, दाराशी लावलेले रंगीत दिवे. किंवा काहीच नाही, फक्त चावी. गाडीच्या अगदी जवळच्या भिंतीवर चावी टांगली असेल तर काही गाड्या चावीशी सतत हाय-हॅलो करत जाग्या राहतात. बंगलेवाल्यांनी आणि तळमजल्यावरच्यांनी हे आधी तपासावं, पैसेही पडत नाहीत. आणि कधी बॅटरीच मुळात जुनी असते. गाडी यार्डात सहा महिने उन्हात उभी राहिलेली असेल तर तिची बॅटरी तुमच्या हाती येण्याआधीच एक-दोनदा पूर्ण उतरून गेलेली असू शकते. म्हणून डिलिव्हरीआधी गाडीचा निर्मितीचा महिना आणि बॅटरीवरचा तारखेचा कोड, दोन्हींचे फोटो काढून ठेवा. सगळं बाहेरचं काढूनही गळती राहिली, तर गाडीतलंच एखादं युनिट झोपत नाहीये. ते शोधणं वर्कशॉपचं काम, तुमचं काम आकडा लिहून देण्याचं.

आणि खरोखरच गाडी कमी चालत असेल, तर त्यालाही उपाय आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये टोयोटाने ब्रिटनमधल्या ग्राहकांना सांगितलं होतं की हायब्रिड आठवड्यातून एकदा तरी सुमारे तासभर 'रेडी' ठेवा. मधेच इंजिन आपोआप सुरू होतं, म्हणून बंद गॅरेजात किंवा हवा न खेळणाऱ्या बेसमेंटमध्ये हे करायचं नाही. पाच मिनिटांची भाजी मंडईची फेरी यात धरू नका.

वर्कशॉपमध्ये

आकडे आणि फोटो घेऊन मी गेले. ॲडव्हायझरने डॅशकॅमची वायर बघितली आणि त्याचा चेहरा उजळला. "मॅडम, हे आफ्टरमार्केट फिटिंग आहे. वायर कट आहे. वॉरंटीत बसत नाही." मी पर्समधून ॲक्सेसरीजचं बिल काढलं. बिलावर त्याच शोरूमचं नाव, तोच जीएसटी क्रमांक, आणि 'फिटिंग चार्जेस १,८०० रुपये' अशी स्वतंत्र ओळ. तो बिल घेऊन आत गेला आणि वीस मिनिटं आलाच नाही.

एवढ्यासाठी सांगते: डिलिव्हरीच्या गडबडीत, हार-पेढे आणि फोटो चालू असताना, ॲक्सेसरीजचं बिल वेगळं आणि फिटिंगसकट मागून घ्या. "पॅकेजमध्ये ॲडजस्ट केलंय" म्हणाले तरी मागा. माझ्याकडे ते नसतं तर वॉरंटी नाकारायला त्यांना आयतं कारण मिळालं होतं, तेही त्यांच्याच माणसाने कापलेल्या वायरीवरून.

पुढचा डाव बॅटरीचा. शिशाची बॅटरी तीन-चार वेळा पूर्ण उतरली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि तिची क्षमता कायमची घटते, म्हणजे डॅशकॅम काढूनही जुन्या बॅटरीचा भरवसा राहत नाही. मी नवी मागितली. उत्तर आलं की १२ व्होल्टच्या बॅटरीची वॉरंटी बॅटरी बनवणाऱ्या कंपनीची असते, तिकडे जा. हे बऱ्याच वेळा खरं असतं. म्हणून विकत घेतानाच वॉरंटीची पुस्तिका उघडून तीन गोष्टी वेगवेगळ्या बघाव्यात. संपूर्ण गाडीची वॉरंटी एक, हायब्रिड बॅटरीची दुसरी, आणि टायर, छोटी बॅटरी वगैरेंची तिसरी, जी त्या-त्या कंपनीकडे जाते. भारतात टोयोटा, मारुती, होंडा यांच्या स्ट्राँग हायब्रिडना मोठ्या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर अशी वॉरंटी मिळते. विक्रेता 'बॅटरीला आठ वर्षं' म्हणतो तेव्हा तो या बॅटरीबद्दल बोलत असतो. ऐकणाऱ्याला वाटतं दोन्ही.

बॅटरी कंपनीच्या माणसाने त्याचा टेस्टर लावला. 'चार्ज करून पुन्हा तपासा' अशी चिठ्ठी आली, म्हणजे दावा नामंजूर. माझं म्हणणं साधं होतं: बॅटरी सदोष आहे असं मी म्हणतच नाही. तुमच्या फिटिंगने ती मारली, म्हणून तुम्ही द्या.

शेवटी मॅनेजर बाहेर आले. फार गोड माणूस. म्हणाले, "मॅडम, आपण गुडविलमध्ये करून टाकू." मला हा शब्द ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण गुडविल म्हणजे आमचा दोष नाही, तरी उपकार करतोय. जॉब कार्डावर तसं गेलं की उद्या हीच तक्रार पुन्हा आली तर ती 'पहिल्यांदा' ठरते. मी म्हटलं, बॅटरी आनंदाने घेते, पण कारण लिहा. यावर दोन फेऱ्या आणि एक आठवडा गेला.

ही पोस्ट लिहायचं खरं कारण या आठवड्यात आहे. बिघाड पुन्हा पुन्हा येतो तो यंत्रात कमी आणि कागदात जास्त. रोडसाइडवाला येतो, जंप देतो, नोंद नाही. वर्कशॉप चार्ज करतं, नोंद 'वॉशिंग'. कागदोपत्री माझी गाडी चार महिने निरोगी होती. म्हणून जॉब कार्ड उघडताना ॲडव्हायझर जे टाइप करतो ते स्क्रीन आपल्याकडे वळवून वाचायचं. 'स्टार्टिंग प्रॉब्लेम' नको. 'गाडी ४ दिवस उभी राहिल्यावर रेडी होत नाही, आजवर चौथी वेळ, बंद गाडीत २७० मिलिअँपिअर ड्रेन' असं आपल्या शब्दांत लिहायला लावायचं. गाडी परत घेताना काय केलं तेही त्याच कागदावर हवं. "सिस्टीममध्ये एवढंच येतं" असं म्हणाले तर पेनाने लिहून सही-शिक्का घ्या, किंवा तिथेच उभं राहून त्यांना तोच मजकूर ईमेल करा. रोडसाइडची मदत घेतली तर त्या कॉलचा एसएमएस खोडू नका.

मी कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल केला. भावना शून्य, पाच ओळी: चार तारखा, चार वेळा काय केलं, मोजलेले आकडे, बिलाचा फोटो, आणि काय हवं ते. 'मनस्ताप' हा शब्द तीन वेळा लिहून खोडला. तिसऱ्या दिवशी एरिया मॅनेजरचा फोन आला आणि शोरूममधलं हवामान बदललं.

फोन आला नसता तर पुढच्या पायऱ्या माहीत असाव्यात. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथली तक्रार कंपनीकडे पाठवली जाते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, शोरूमच्या गावाला जायची गरज नाही. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग चालतो, म्हणजे आपल्या बहुतेक गाड्या त्यात बसतात. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. आपल्याकडे अमेरिकेसारखा 'सदोष गाडी इतक्या दुरुस्त्यांनंतर परत घ्या' असा स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे आयोगासमोर सगळा भार जॉब कार्डांवर आणि तज्ज्ञाच्या अहवालावर येतो. ज्यांच्या कार्डावर 'वॉशिंग' आहे त्यांनी काय दाखवायचं?

बाहेर काम करून घेतलं की वॉरंटी जाते का, हा प्रश्न हमखास येतो. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांविरुद्ध आदेश देताना, केवळ बाहेरच्या मेकॅनिककडे गेल्याच्या कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याच्या पद्धतीवर बोट ठेवलं होतं. त्यावर पुढे अपिलं झाली. माझं मत व्यवहाराचं आहे: बाहेर मोजून घ्या, बाहेर जोडू नका. मामांनी फक्त चिमटा धरला, म्हणून माझी बाजू स्वच्छ राहिली.

आणि लिखित तक्रारींनी वॉरंटीच्या अटी हलतातही. उत्तर अमेरिकेत टोयोटाच्या रॅव्ह-४ हायब्रिडमध्ये मागच्या मोटरकडे जाणाऱ्या उच्च दाबाच्या केबलचा जोड रस्त्यावरच्या मिठाने गंजायचा. सुरुवातीला 'गंज वॉरंटीत नाही' असं उत्तर मिळत होतं. तक्रारी साठल्यावर टोयोटाने त्या केबलची वॉरंटी वाढवली.

या फेऱ्यांत कळलेलं बाकीचं थोडं थोडं. मागच्या सीटजवळ जाळीसारखी एक खिडकी असते, तिथून मोठी बॅटरी थंड व्हायला हवा घेते. तिच्यावर पिशव्या, चादर, कुत्र्याची गादी ठेवू नका आणि सर्व्हिसला तिचं फिल्टर साफ केल्याचं विचारा, आपल्याकडच्या धुळीत ते लवकर भरतं. पावसाळ्यात सकाळी ब्रेक करकरले तर घाबरू नका. बराचसा ब्रेक मोटरच लावत असल्याने डिस्क कमी घासल्या जातात आणि त्यांवर गंजाचा पातळ थर धरतो, दोन-चार जोरदार ब्रेकांत तो जातो. घाटातल्या कोंडीत गिअर 'एन'वर टाकून बसायची जुनी सवय सोडा. अनेक हायब्रिडमध्ये 'एन'वर मोठी बॅटरी भरतच नाही. आणि किलोमीटर कमी झाले म्हणून ऑइल पुढे ढकलू नका, वर्षाची मुदत असेल तर वर्षाने बदला. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नाही.

माझ्या प्रकरणाचा शेवट असा. दसऱ्याच्या आधल्या आठवड्यात सोललेली वायर दुरुस्त झाली, डॅशकॅम चावीबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजवर गेला, आणि नवी बॅटरी बसली. जॉब कार्डावर ओळ आहे: 'ॲक्सेसरी वायरिंगमुळे बॅटरी ड्रेन, वायरिंग दुरुस्त, बॅटरी बदलली, ड्रेन २८ मिलिअँपिअर'. हे २८ मी मीटरवर स्वतः बघितले, पाऊण तास थांबून. ॲडव्हायझरही थांबला. जाताना त्याने मीटर कुठे मिळतो ते विचारलं.

दिवाळीत गाडी गुहागरला अंगणात सहा दिवस उभी होती. निघायच्या सकाळी बॉनेट उघडून मीटर लावला तर सासरे म्हणाले, "काय गो सूनबाई, ताप बघतेस काय तिचा?" १२.५ होते.

फिटिंगचे १,८०० रुपये मात्र अजून परत आलेले नाहीत. त्याचे तीन ईमेल झालेत, चौथा सोमवारी.